ऑगस्टमधले वाचक गेले कुठे?

समजा, एका मराठी वेबसाइटवर उकडीच्या मोदकांची रेसिपी आहे. २०२२च्या ऑगस्टमध्ये गूगलवरून तिथे वाचकांची रीघ लागली आणि २०२३च्या ऑगस्टमध्ये आकडा धाडकन खाली आला. लगेच धावाधाव सुरू होते. कुणी शीर्षक बदलतं, कुणी मजकुरात ‘मोदक’ हा शब्द चार ठिकाणी जास्त घुसडतं. खरं कारण भिंतीवरच्या कॅलेंडरात असतं. २०२२ साली गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. पुढच्या वर्षी श्रावण अधिक आला आणि ती १९ सप्टेंबरला गेली. वाचक कुठेही गेलेले नव्हते, त्यांनी अजून शोधायलाच सुरुवात केली नव्हती.

जाहिरातीवर क्लिक न करता, सर्चच्या साध्या निकालांमधून जे वाचक येतात त्यांना ऑरगॅनिक ट्रॅफिक म्हणतात. ते मोजलं कसं जातं? निकालावर क्लिक केलं की ब्राउझर नव्या साइटला सहसा सांगतो, की हा माणूस अमुक ठिकाणाहून आला. ते ठिकाण सर्च इंजिन असेल आणि दुव्याला जाहिरातीची खूण नसेल, तर भेट ‘ऑरगॅनिक’ खात्यात जमा होते. पण तीच रेसिपी एखाद्या मावशींनी गूगलवर शोधून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली, तर तिथून येणाऱ्यांबरोबर बहुतेकदा असा पत्ता येत नाही. ते ‘डायरेक्ट’मध्ये, म्हणजे थेट आलेल्यांत, मोजले जातात. म्हणजे सर्चचं श्रेय आकड्यात नेहमी थोडं कमीच दिसतं.

लोकांनी नेमकं काय टाइप केलं, हेही पूर्वी त्या पत्त्यातूनच कळायचं. ऑक्टोबर २०११पासून गूगलने लॉग-इन केलेल्यांचे शोध एन्क्रिप्ट करायला, म्हणजे इतरांना वाचता येणार नाहीत असे करायला घेतले आणि २०१३पर्यंत जवळपास सगळ्यांचेच शब्द दिसेनासे झाले. आता ते सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात पाहावे लागतात. तिथेही क्वचित विचारले जाणारे शोध गोपनीयतेसाठी लपवलेले असतात. त्यामुळे यादीतल्या क्लिक्सची बेरीज एकूण आकड्याशी जुळत नाही, आणि तो बिघाड नसतो.

सर्च कन्सोलमधला सगळ्यात फसवा आकडा म्हणजे सरासरी क्रमांक. मोदकांचं पान ‘उकडीचे मोदक रेसिपी’ या शोधात तिसऱ्या क्रमांकावर १०० वेळा दिसलं आणि १० क्लिक मिळाले, असं धरू. पुढच्या आठवड्यात हे सगळं तसंच राहिलं, शिवाय पान ‘गणपतीचा नैवेद्य’ या नव्या शोधातही १०० वेळा दिसलं, पण पंचविसाव्या क्रमांकावर. तिथून २ क्लिक आले. आता क्लिक १२ झाले आणि सरासरी क्रमांक ३ वरून थेट १४ वर घसरला! पान कुठेही मागे पडलेलं नाही, उलट जास्त लोकांपर्यंत पोहोचलंय. म्हणून सरासरीवर कधीच थांबू नये. एकेक शोध वेगळा काढून त्यात पानाचा क्रमांक, ते किती वेळा दिसलं आणि किती क्लिक मिळाले, हे शेजारी शेजारी ठेवून पाहावं. पान पूर्वीइतक्याच वेळा त्याच क्रमांकावर दिसूनही क्लिक घटले असतील, तर निकालाच्या पानावर काय बदललं ते शोधावं. अनेकदा उत्तर तिथेच वर छापलेलं असतं आणि वाचकाला आत यायची गरजच उरत नाही.

तुलना करायचीच, तर ती तिथीने करावी. चतुर्थी धरून १४ दिवस घेतले, तर २०२३ साली ते ६ ते १९ सप्टेंबर येतात, २०२४ साली २५ ऑगस्ट ते ७ सप्टेंबर आणि २०२५ साली १४ ते २७ ऑगस्ट. मात्र सर्च कन्सोल फक्त १६ महिन्यांचा डेटा ठेवतो. मागचा एक गणेशोत्सव त्यात सापडतो, त्याच्या आधीचा नाही. तेव्हा दरवर्षी अनंत चतुर्दशी झाली की त्या दिवसांचे आकडे उतरवून घ्यावेत.