पक्ष्यात विषाणू सापडला की फक्त अँटीबॉडी?

‘पक्ष्यांमध्ये वेस्ट नाईल आढळला’ या एका वाक्याचे दोन अर्थ होऊ शकतात. (वेस्ट नाईल हा डासांमार्फत पक्ष्यांत पसरणारा विषाणू; डास चावून तो माणसांना आणि घोड्यांनाही होतो.) पीसीआर चाचणीत विषाणूचे जनुकीय अंश मिळाले, हा एक. पक्ष्याच्या रक्तात त्या विषाणूविरुद्धच्या अँटीबॉडी मिळाल्या, हा दुसरा. बातम्यांमध्ये दोन्हींची सरमिसळ होते. काळजी किती करायची, हे मात्र त्यावरच ठरतं.

विषाणू पक्ष्याच्या रक्तात जेमतेम काही दिवस असतो. त्यामुळे धडधाकट रानपक्ष्यात तो नेमका सापडणं अवघड, पण सापडला तर संसर्ग आत्ताच चालू आहे. मेलेले पक्षी गोळा करून तपासतात ते म्हणूनच. १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये माणसांना मेंदूज्वर होत होता आणि कावळे पटापट मरत होते. माणसांचा आजार आधी सेंट लुईस एन्सेफलायटिस, म्हणजे दुसऱ्याच एका विषाणूचा मेंदूज्वर, समजला गेला. पण त्या विषाणूने पक्षी सहसा मरत नाहीत, आणि ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या पॅथॉलॉजिस्ट ट्रेसी मॅकनमारा यांना हेच खटकलं. निघाला वेस्ट नाईल. २००१ मध्ये व्हिएन्नात ब्लॅकबर्ड मेले, तेव्हा डासांतूनच पसरणारा उसुटू विषाणू असाच उघडकीला आला. अर्थात पक्षी मरतच नसतील, तर ही पद्धत आंधळी.

डासांमधल्या पीसीआरचाही अर्थ जपून लावावा लागतो. २०२३ मध्ये नॉटिंगहॅमशायरला पकडलेल्या डासांत वेस्ट नाईलचे जनुकीय तुकडे मिळाल्याचं ब्रिटनने २०२५ मध्ये जाहीर केलं. तुकडे मिळाले म्हणजे तिथे विषाणूचं चक्र सुरू झालं, असं नव्हे.

अँटीबॉडीचं गणित उलटं. त्या महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून सापडायला सोप्या. पण संसर्ग कधी झाला? कुठे झाला? स्थलांतरित पक्ष्याने तो दुसऱ्या खंडातून आणलेला असू शकतो. पिल्लाला तर अंड्यातल्या बलकातूनच आईच्या अँटीबॉडी मिळतात, डास चावलेला नसतानाही. वर वेस्ट नाईल, उसुटू आणि जपानी मेंदूज्वर हे विषाणू जवळचे नातलग, त्यामुळे साध्या एलायझा चाचणीत एकाच्या अँटीबॉडी दुसऱ्याच्या म्हणून खपून जातात. खात्रीसाठी न्यूट्रलायझेशन चाचणी (अँटीबॉडी नेमक्या कोणत्या विषाणूला निष्प्रभ करतात ते पाहणारी) करावी लागते, आणि तिला जिवंत विषाणू हाताळणारी सुरक्षित प्रयोगशाळा लागते.

‘कधी’ आणि ‘कुठे’ यावरचा तोडगा मला फार हुशारीचा वाटतो: पहारेकरी कोंबड्या. फ्लोरिडात त्या वापरतात. अँटीबॉडी नसलेल्या कोंबड्या एका जागी ठेवायच्या आणि ठरावीक दिवसांनी रक्त तपासत राहायचं. मागच्या वेळी काही नव्हतं, आता अँटीबॉडी आहेत, म्हणजे संसर्ग मधल्या काळातला आणि इथलाच. कोंबडी आजारी पडत नाही. तिच्या रक्तात विषाणू इतका कमी असतो की डासांना तिच्याकडून लागण होत नाही.

घोड्यांकडूनही डासांना लागण होत नाही. लक्षणं दिसेपर्यंत त्यांच्या रक्तातून विषाणू बहुतेकदा गेलेला असतो, म्हणून थोडाच काळ टिकणारी आयजीएम अँटीबॉडी शोधतात. आयजीजी या जास्त टिकणाऱ्या अँटीबॉडीवर भिस्त ठेवता येत नाही, ती लसीमुळेही येते.

नेदरलँड्समध्ये २०२० साली युट्रेख्टजवळ एका व्हाइटथ्रोट पक्ष्यात वेस्ट नाईल विषाणू मिळाला. हा पक्षी स्थलांतर करणारा, त्यामुळे शंकेला जागा होती. मग त्याच परिसरातले क्युलेक्स डास तपासले, त्यांतही विषाणू निघाला. त्याच वर्षी तिथे माणसांमधले रुग्णही सापडले.