मीठ, साखर आणि एक कोटी निर्वासित

ऑक्टोबर २०२५मध्ये भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने आदेश काढला की, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांनी नावात ‘ओआरएस’ (जुलाबात पाजायचं साखर-मिठाचं पाणी) ही अक्षरं वापरायची नाहीत. फळांच्या चवीची ती रंगीत खोकी मेडिकलच्या दुकानात वर्षानुवर्षं विकली जात होती, आणि जुलाब लागलेल्या पोराला आया ती भरवशाने पाजत होत्या. ‘शेवटी साखर-मिठाचं पाणीच ना, जरा गोड झालं तर काय बिघडलं?’ असं अजूनही ऐकू येतं. बिघडतं, आणि बरंच बिघडतं. त्याचं कारण आतड्याच्या एका पेशीत आहे, पण या पाण्याची सगळ्यात मोठी परीक्षा झाली ती निर्वासितांच्या छावणीत.

मार्च १९७१मध्ये पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, लष्करी कारवाई सुरू झाली आणि वर्ष संपेपर्यंत सुमारे एक कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली. शाळा भरल्या, तंबू भरले. कोलकात्याच्या सॉल्ट लेक भागात तर गटारासाठी आणून ठेवलेल्या सिमेंटच्या पाइपांत कुटुंबं राहिली. त्यात पाऊस लागला आणि कॉलरा पसरला.

डॉ. दिलीप महलानबीस तेव्हा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कोलकात्यातल्या केंद्रात संशोधन करत होते. जूनच्या अखेरीस ते सीमेजवळच्या बनगावच्या रुग्णालयात पोहोचले. कॉलऱ्यासाठी दोन खोल्या. खाटा संपलेल्या, बाकीचे रुग्ण जमिनीवर. सलाईन लावायची तर त्या घाणीत गुडघे टेकूनच बसावं लागे. शिवाय सलाईनचा साठा संपत आला होता आणि ती लावू शकणारे हातही मोजकेच होते.

त्यांनी मग जे केलं त्याला त्या काळच्या बऱ्याच डॉक्टरांनी नाक मुरडलं असतं. कोलकात्याच्या केंद्रात ग्लुकोज, साधं मीठ आणि खाण्याचा सोडा तोलून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरला, पिशव्यांची तोंडं गरम इस्त्रीने बंद केली. लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. बनगावात हे मिश्रण नळ लावलेल्या पिंपांत कालवलं आणि नातेवाइकांना सांगितलं, पेला भरून न्या आणि पाजत राहा. सलाईन उरली ती फक्त अगदी निपचित पडलेल्यांसाठी.

आता पेशीकडे वळू. इथे थोडं सावकाश जावं लागेल.

कॉलऱ्याचा जंतू आतड्याची भिंत पोखरत नाही. तो तिला चिकटून एक विष सोडतो. हे विष असतं, ही गोष्ट शंभूनाथ डे यांनी १९५९मध्ये कोलकात्यातच दाखवून दिली होती. विषाचा एक तुकडा पेशीत शिरून तिथला एक रासायनिक खटका कायमचा ‘चालू’ करून ठेवतो. सायक्लिक एएमपी नावाच्या रेणूची पातळी चढते, क्लोराइडचे मार्ग सताड उघडतात, क्लोराइड आतड्याच्या पोकळीत वाहू लागतं. त्याच्या मागे सोडियम, आणि क्षारांच्या मागे परासरणाने, म्हणजे जिकडे क्षार जास्त तिकडे ओढलं जाऊन, पाणी. गंभीर रुग्णाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणीसुद्धा जाऊ शकतं. मीठ आत घेण्याचा नेहमीचा रस्ताही हेच विष बंद करतं, म्हणून नुसतं मिठाचं पाणी पाजून उपयोग होत नाही.

पण पेशीला आणखी एक दार असतं. एसजीएलटी-१ नावाचं हे प्रथिन बँकेच्या लॉकरसारखं आहे, एका किल्लीने उघडत नाही. सोडियमचे दोन आयन (विद्युतभारित कण) आणि ग्लुकोजचा एक रेणू एकत्र आले, तरच ते आपला आकार बदलतं आणि तिघांनाही आत सोडतं. रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना १९६०मध्ये प्रागच्या एका परिषदेत मांडली. ग्लुकोजला ओढायची ताकद सोडियमकडून येते. पेशीच्या पाठीमागच्या बाजूला एक पंप अखंड चालू असतो; तो दर फेरीला सोडियमचे तीन आयन रक्ताच्या बाजूला फेकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडियम कायम कमी, आणि बाहेरचं सोडियम आत यायला टपलेलं. ते येताना साखर आणतं आणि दोघांच्या मागून पाणी येतं. हे पाणी पेशींमधल्या फटींतून जातं की त्या प्रथिनातूनच, यावर शास्त्रज्ञांचे वाद आहेत. ते इथे सोडून देऊ. महत्त्वाचं हे की, कॉलऱ्याचं विष या दाराला हात लावत नाही.

म्हणजे ओआरएस जुलाब थांबवत नाही. विषाने बिघडलेल्या पेशी गळून नव्या येईपर्यंत, तीन-चार दिवस, जाण्याइतकं पाणी परत आत घालत राहणं एवढंच त्याचं काम. ‘पाणी पाजलं की जुलाब वाढतात, पाणी तोडा’ या घरगुती सल्ल्याने किती मुलं गेली असतील! पूर्वी आपल्याकडे पटकी, म्हणजे कॉलरा, आली की मरीआईचा गाडा शिवेपलीकडे नेऊन सोडत, म्हणजे संकट पुढच्या गावाच्या माथी. निदान त्यात कुणी रुग्णाचं पाणी तोडत नव्हतं.

आणि गोड खोक्यांचं काय? किल्ल्या जोडीने लागतात. साखर भरमसाट आणि सोडियम नाममात्र असेल, तर उरलेली साखर आतड्यात पडून राहते आणि उलट शरीरातलंच पाणी खेचते. बनगावच्या मिश्रणातसुद्धा साखर-मीठ जरा जास्तच होतं, हे पुढे कळलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२पासूनच्या सूत्रात लिटरमागे ग्लुकोज १३.५ ग्रॅम आहे आणि एकूण तीव्रता (विरघळलेल्या कणांचं माप) आधीच्या सूत्रातल्या ३११वरून २४५ मिलिऑस्मोलवर, म्हणजे रक्तापेक्षाही खाली आणली आहे.

बनगावला महलानबीस येण्याआधी छावण्यांत कॉलऱ्याच्या शंभर रुग्णांपैकी तीसएक दगावत होते. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. मदतीच्या बातम्यांत विमानं आणि ट्रक दिसतात. इथे औषध पाजायचं काम आई, भाऊ, शेजारी करत होते, आणि मला या सगळ्यात तेच सर्वांत मोलाचं वाटतं. १९९४मध्ये रवांडातून शेजारच्या झाईरमधल्या (आजच्या काँगोतल्या) गोमाला आलेल्या निर्वासितांचं उदाहरण नेमकं उलटं आहे. जगभरच्या संस्था तिथे उतरल्या, तरी पहिल्या महिन्यात सुमारे ५० हजार माणसं मेली, बहुतेक कॉलरा आणि हगवणीने. शुद्ध पाण्याचा तुटवडा होताच. पण नंतरच्या तपासणीत असंही दिसलं की तोंडावाटे पाणी पाजणं कमी पडलं आणि अनेक कार्यकर्त्यांना कॉलऱ्याचा अनुभवच नव्हता.

भारतातले निर्वासित १९७२मध्ये परत गेले तेव्हा त्यांना पुन्हा उभं करण्यासाठी फजले हसन आबेद यांनी बांगलादेशच्या सिल्हेट भागात ब्रॅक ही संस्था सुरू केली. १९८०पासून दहा वर्षं तिच्या कार्यकर्त्या घरोघर फिरल्या, सव्वा कोटीच्या आसपास घरं झाली. गावात ग्लुकोज कुठून येणार? त्या शिकवत ते असं: तीन बोटांच्या चिमटीएवढं मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. आईने स्वतःच्या हाताने करून दाखवायचं. काही आठवड्यांनी दुसरा माणूस येऊन तिला काय आठवतं ते विचारी, तिने केलेलं पाणी प्रयोगशाळेत तपासलं जाई आणि त्यावर कार्यकर्तीचा पगार ठरे.

तरीही सुरुवातीला फसलं. बायकांना कृती पाठ होती, पण मूल आजारी पडलं की फार थोड्या जणी ती वापरत. चौकशी केली तर बऱ्याच कार्यकर्त्यांचाच तिच्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्याही गोळ्या घेत. मग त्यांना पुन्हा बसवून हे पाणी पोटात काय करतं ते शिकवलं. आणि घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलंच नव्हतं, म्हणून बाजारात आणि मशिदीत बैठका घ्यायला सुरुवात झाली.