ब्रिटनच्या पेन्शनची तिजोरी नेमकी कुठे आहे?

‘आयुष्यभर नॅशनल इन्शुरन्स भरला, आता माझेच पैसे मला परत मिळताहेत.’ ब्रिटनमध्ये हे वाक्य इतकं रुळलंय की तिथले आपले मराठी नातेवाईकही ते ठासून सांगतात. पण आपल्या पीएफसारखं नावावरचं खातं तिथे नसतंच. नॅशनल इन्शुरन्स म्हणजे कमावत्यांनी सरकारला भरायची वर्गणी; आजच्या कमावत्यांच्या या वर्गणीतून आजच्या वृद्धांना सरकारी पेन्शन मिळतं. वर्गणीच्या ३५ वर्षांच्या नोंदीवर नवं पेन्शन पूर्ण मिळतं खरं, पण त्याचे नियम संसद बदलू शकते.

हा गैरसमज पुढाऱ्यांच्या सोयीचा आहे. ‘तुमचे पैसे सुरक्षित आहेत’ म्हटलं की खर्च कोण उचलणार हा प्रश्नच उरत नाही. २०१० मध्ये जाहीर झालेलं ‘ट्रिपल लॉक’ बघा: पगारवाढ, महागाई किंवा २.५ टक्के, यात जे जास्त तेवढी पेन्शनमध्ये दरवर्षी वाढ. २०१७ मध्ये हुजूर पक्षाने त्यातले २.५ टक्के काढायचं म्हटलं, निवडणुकीत बहुमत गमावलं आणि बेत गुंडाळला.

आश्वासन महागात पडलं ते मात्र महिलांना. १९९५ आणि २०११ च्या कायद्यांनी त्यांचं पेन्शनचं वय वाढवलं. नीट कळवलं नाही, ही तक्रार. २०१९ च्या प्रचारात मजूर पक्षाने ५८ अब्ज पौंडांची भरपाई कबूल केली. सत्तेत आल्यावर, डिसेंबर २०२४ मध्ये, लोकपालाने सुचवलेली त्याहून कितीतरी लहान भरपाईही नाकारली. मग विश्वास कुठून राहणार?

आणि निवृत्तीनंतर पुण्यात परतणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: भारतात राहणाऱ्यांना ही वार्षिक वाढ मिळतच नाही, रक्कम गोठते.