हिरोशिमाचं शांती उद्यान: हिरवळीखाली गाडलेली पेठ

हिरोशिमाच्या शांती स्मारक उद्यानातली ऐसपैस हिरवळ पाहिली की अणुबाँब मोकळ्या जागेवर पडला असावा, असा समज सहज होतो. पण इथे नाकाजिमा नावाची गजबजलेली पेठ होती. दुकानं, देवळं, सिनेमागृहं, दाटीवाटीची लाकडी घरं. उद्यानाच्या उत्तर टोकाचा आयोई पूल इंग्रजी 'टी' अक्षरासारखा, विमानातून चटकन ओळखू येणारा; म्हणून नेम त्यावर धरला होता. ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी ८.१५ वाजता बाँब सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला आणि पेठ जागच्या जागी जळाली.

त्या सकाळी शाळकरी मुलंही तिथे कामाला जुंपलेली होती. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे करायचं काम सुरू होतं. त्यातल्या एका मुलाचा डबा आज संग्रहालयात आहे. आईला त्याचा मृतदेह सापडला तेव्हा हा डबा त्याच्या पोटाशी होता. आतलं अन्न कोळसा झालेलं. बाकी काही पाहायला वेळ नसला, तरी या डब्यापाशी थांबावंच.

१९४९ मध्ये हिरोशिमा शांतीचं स्मारक-शहर म्हणून उभारायचा खास कायदा झाला आणि वास्तुविशारद केंझो तांगे यांचा आराखडा निवडला गेला. राखेवर भराव घालून उद्यान उभं राहिलं. जुन्या पेठेतल्या रस्त्याचे आणि घराचे उकरून काढलेले अवशेष २०२२ पासून जागेवरच पाहता येतात.

१९५२ च्या स्मृतिशिलेवर कोरलंय: 'शांतपणे विसावा घ्या, ही चूक पुन्हा होणार नाही.' चूक कुणाची? हा प्रश्न जाहीरपणे विचारला तो एका भारतीयाने. महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यात इतरांपेक्षा वेगळा निकाल देणारे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल त्याच वर्षी इथे आले होते. बाँब काही जपान्यांनी टाकला नाही, असा त्यांचा आक्षेप. मजकूर लिहिणारे प्राध्यापक साइका स्वतः बाँबमधून वाचलेले. ही कबुली सगळ्या मानवजातीची आहे, असं त्यांचं उत्तर. मला दोघांचंही पटतं, आणि म्हणूनच तो वाद मिटावा असं वाटत नाही.

स्फोटानंतरही उभ्या राहिलेल्या एका इमारतीचा, आज 'अणुबाँब घुमट' म्हणून ओळखला जाणारा सांगाडा पाडून टाका, म्हणणारे हिरोशिमातच बरेच होते. १९६६ मध्ये नगरसभेने तो जपायचा ठराव केला. कोरियन मृतांच्या वाट्याला मात्र जास्त उपेक्षा आली. जपानी राजवटीत हजारो कोरियन या शहरात राहत होते, अनेकांना सक्तीने आणलं होतं. त्यांचं स्मारक १९७० मध्ये उद्यानाबाहेर उभं राहिलं आणि आत यायला १९९९ उजाडलं. स्मृतिशिलेखालच्या नोंदवह्यांत राष्ट्रीयत्वाचा भेद न करता नावं लिहितात. दर ६ ऑगस्टला त्यांत वर्षभरात गेलेल्या बाँबपीडितांची भर पडते, आणि ती यादी आता साडेतीन लाखांच्या घरात गेली आहे.