तुळशीच्या लग्नातला ऊस आणि जानकीबाई

तुळशीच्या लग्नाला आमच्याकडे, मालवणात, वृंदावनाशेजारी ऊस उभा करतात. तो ऊस बहुतेक वेळा घाटावरचा. बाजारात टेम्पो लागतो आणि माणसं उसाची जोडी खांद्यावर टाकून घरी येतात. लग्न लागलं, चिरमुले वाटून झाले की पोरं त्या उसावर तुटून पडतात. शेंडा मात्र मचूळ, तो कुणी खात नाही. आई तो न्हाणीच्या पाण्यावर मातीत खोचून ठेवते.

याच दिवसांत नदीकाठी कासाच्या गवताला पांढरे तुरे आलेले असतात. कासाची काडी चावून बघा, गोडी नावालाच. पण हे गवत उसाचं भाऊबंद आहे, आणि घाटावरच्या उसात जो काटकपणा आहे तो बराचसा याच्याकडून आलेला. घाटावर शेतकऱ्यांच्या तोंडी असलेली ‘को 86032’ ही जात घ्या. त्यातला ‘को’ म्हणजे कोईमतूर. तिथल्या ऊस पैदास केंद्रात 1934 साली एक बाई रुजू झाल्या, त्यांची ही गोष्ट.

नाव जानकी अम्माळ. ‘अम्माळ’ म्हणजे आपल्याकडचं ‘बाई’, तेव्हा मी जानकीबाईच म्हणतो. जन्म 4 नोव्हेंबर 1897, केरळातल्या थलश्शेरीचा. वडील न्यायखात्यात, पण जीव पक्ष्यांत आणि झाडांत. भावंडांचं मोठं खटलं. बहिणींची लग्नं होत गेली, जानकीबाईंनी मात्र मद्रासची वाट धरली. तिथे वनस्पतिशास्त्र शिकल्या, शिकवूही लागल्या. मग आशियातल्या मुलींसाठी असलेली बार्बोर शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात गेल्या आणि 1931 मध्ये डॉक्टरेट घेऊन आल्या. आपल्याकडे तेव्हा मुलगी मॅट्रिक झाली तरी गावभर चर्चा होई.

त्यांचं काम होतं गुणसूत्रं मोजण्याचं, म्हणजे आईबापांचे गुण लेकरात नेणारे पेशीतले बारीक तुकडे. ऐकायला सोपं वाटतं. आम्ही कॉलेजात कांद्याची मुळं घेऊन हे करायचो. कांदा पाण्याच्या पेल्यावर ठेवायचा, मुळं फुटली की त्यांची टोकं कापायची, रंगात बुडवायची, काचपट्टीवर ठेवून अंगठ्याने दाबायची. मुळाच्या टोकाशी पेशी सतत विभागत असतात, आणि विभागताना गुणसूत्रं आखडून जाड होतात, तेवढ्यापुरतीच नीट दिसतात. कांद्याला ती 16. लांब, ठसठशीत. तरी माझी कधी 14 भरायची, कधी 17. उसाची गुणसूत्रं बारीक, आणि शंभराच्या घरात. एकावर एक चढलेली. ती बिनचूक मोजायची म्हणजे तांदळातले खडे वेचणाऱ्या बाईची नजर हवी.

मोजून मिळतं काय? झाडाची वंशावळ. रसाळ, जाडजूड ऊस मूळचा न्यू गिनीकडचा. गुणसूत्रं 80. गोड खरा, पण नाजूक. रोग आला की आडवा. कासाच्या निरनिराळ्या वाणांत 40 पासून 128 पर्यंत. काटक, पण साखर नाही. कोईमतूरला बार्बर आणि वेंकटरामन या शास्त्रज्ञांनी जानकीबाईंच्या आधीच या दोघांचं लग्न लावलं होतं, त्यातून ‘को 205’ जात निघाली. कासाचा तो वाण होता 64 गुणसूत्रांचा. नेहमीच्या हिशेबाने लेकराला आईची निम्मी, बापाची निम्मी मिळतात, म्हणजे 40 आणि 32, एकूण 72. मोजली तर भरली 112! गोड उसाने आपली 80 च्या 80 लेकराच्या पदरात टाकली होती. गवताशी सोयरीक करूनही साखर टिकते ती अशा हिशेबामुळे. तेव्हा कुठला संकर खरा, कुठला फसवा, कोण कुणाचं, हे सांगायला सूक्ष्मदर्शकावर बसणारं माणूस लागत होतं.

जानकीबाईंनी उसाचा मक्याशी संकर केला आणि 1938 मध्ये तो ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आला. केंद्रातले लोक उसाचा बांबूशीही संकर करून बघत होते, त्या रोपांची गुणसूत्रं त्यांनी मोजली. माणग्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या बांबूच्या, बेटांत वाढलेल्या मला याची भारी गंमत वाटते. मका, बांबू, कास, ऊस, सगळी गवतंच म्हणा.

1939 मध्ये जानकीबाई एका परिषदेसाठी एडिंबरोला गेल्या आणि महायुद्ध पेटलं. मग इंग्लंडात राहिल्या. तिथल्या जॉन इनिस संस्थेत डार्लिंग्टन या शास्त्रज्ञांबरोबर लागवडीच्या झाडांच्या गुणसूत्रांचा मोठा कोश केला, तो 1945 मध्ये निघाला. पुढे विस्ले इथल्या बागेत त्यांनी मॅग्नोलियाच्या रोपांवर कोल्चिसीन वापरून पाहिलं. पेशी विभागताना गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणारे धागे असतात, ते या द्रव्याने तयारच होत नाहीत. गुणसूत्रं दुप्पट होतात, पण पेशी दुभंगत नाही. काही झाडांची पानं-फुलं त्यामुळे जाड, भरदार होतात. विस्लेतल्या एका पांढऱ्या मॅग्नोलियाला आज त्यांचंच नाव आहे.

यातलं काहीच आपल्याला परकं नाही. मॅग्नोलियाच्या कुळातला आपला सोनचाफा. आणि कोल्चिसीन असतं ते पावसाळ्यात गडग्यावर चढणाऱ्या, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं येणाऱ्या कळलावीतही. तिच्या कंदाला हात लावायचा नाही, ही ताकीद लहानपणी आम्हा सगळ्यांना होती. कंद विषारी असतो तो याच द्रव्याने.

नेहरूंच्या बोलावण्यावरून 1951 मध्ये त्या परतल्या, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची घडी नव्याने बसवण्याचं काम हाती घेतलं. निवृत्तीनंतर काही काळ ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात होत्या, म्हणजे आपल्या किनाऱ्याच्या वरच्या टोकाला. पद्मश्री 1977 मध्ये मिळाली. मद्रासजवळ मदुरवायलच्या प्रयोगशाळेत 1984 पर्यंत, शेवटपर्यंत, काम चालू होतं.

कोईमतूर पैदाशीसाठी का निवडलं, तर तिथे उसाला भरपूर तुरा येतो. शेतकऱ्याला तुरा नको असतो, ऊस पोकळ पडतो. पण तुरा नाही तर फूल नाही, फूल नाही तर संकर नाही. गेल्या वर्षी आईने खोचलेल्या शेंड्याला यंदा दिवाळीत तुरा आला, चांगला हातभर. मी त्याची एक फांदी मोडली, नदीवरून कासाची एक आणली, आणि दोन्ही आईपुढे धरल्या. रुपेरी, मऊ, दाण्याभोवती तसेच रेशमी केस.

“ह्यातलो उसाचो खंयचो?”

आईने चष्मा वर सरकवला, दोन्ही बोटांत फिरवून पाहिल्या. म्हणाली, “दोनय उसाचेच मा?”