डिझेल गाडीला काडी कोण लावतं?

"डिझेल गोठलं असन जी, मामाजी." भाच्याने हे निदान केलं तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि माझ्या मानेवरून घाम ओघळत होता. महाशिवरात्र दुसऱ्या दिवशी होती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात फेब्रुवारीच्या अखेरीला दुपारी डोक्यावर दुपट्टा घेतल्याशिवाय बांधीवर जाववत नाही, आणि हा गडी म्हणतो डिझेल गोठलं.

गाडी म्हणजे एक जुनी डिझेल मिनीबस. मागच्या सीटा काढून भाच्याने तिच्यात दोन पलंग, गॅसची शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली. टपावर सोलर पॅनल लावलं. गावात तिला सगळे 'चाकावरचं बिऱ्हाड' म्हणतात. कोजागिरीला ती तणशीच्या ढिगाशेजारी उभी राहिली ती राहिलीच. मग धानाची कापणी झाली, चुरणी झाली, दोन लग्नं झाली. सव्वाचार महिन्यांनी घरच्यांना मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेला न्यायचं म्हणून चावी फिरवली, तर घर्र... घर्र... टक. पुढे काही नाही.

शेजारच्या आजीने तोवर चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. "अवसेले उभी केली होती, म्हून." कोजागिरीला, म्हणजे चक्क पौर्णिमेला उभी केलेली गाडीसुद्धा अवसेच्या खात्यावर जमा होते. लिंबू ठेवायला माझी हरकत नव्हती. उन्हात ताटकळलेल्या माणसाच्या सरबताला ते कामी येतं.

आधी 'गोठलं'चा निकाल लावू. डिझेल पाण्यासारखं एका ठरावीक तापमानाला गोठत नाही. त्यात विरघळलेलं मेण थंडीत आधी बारीक स्फटिकांच्या रूपात वेगळं होतं आणि फिल्टरच्या कागदावर साचतं. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या डिझेलच्या भारतीय मानकात हिवाळी आणि उन्हाळी असे दोन हिशेब आहेत. ज्या तापमानाला डिझेल फिल्टरमधून जायला अडखळू लागतं, ते हिवाळ्यात ६ अंशांहून जास्त नसावं; उन्हाळी डिझेलला मात्र १८ अंशांपर्यंत मुभा आहे. लडाखसाठी तर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत ओतता येणारं खास डिझेल आलं. म्हणजे भाच्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. ऑक्टोबरात भरलेलं उन्हाळी डिझेल जानेवारीच्या पहाटे त्रास देऊ शकतं. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तशा पहाटे तर नक्कीच. पण हे मेण दुपारच्या उन्हात पुन्हा विरघळतं. घाम फुटेल अशा उन्हात गोठलेलं डिझेल शोधायचं नसतं. त्यामुळे ट्रकवाले कधीकधी करतात तसा टाकीखाली बोळा पेटवण्याचा बेत मी तिथेच मोडून काढला. शेजारी तणशीचा ढीग आहे, एवढं तरी पाहावं माणसाने.

मग अडलं कुठे? आता माझ्या आवडीचा भाग येतो, थोडा धीर धरा.

पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पाडायला स्पार्क प्लग असतो. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसतेच. तिथे आग हवेतून काढतात. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दट्ट्या भराभर चालवा, पंपाचं बूड चटका देतं. बरेच जण म्हणतात, घासून तापलं. घासण्याचा वाटा थोडाच असतो, खरी उष्णता दाबण्याची असते. समोरून येणाऱ्या बॅटवर आदळलेला चेंडू जास्त वेगाने परततो ना? पुढे सरकणाऱ्या दट्ट्यावर आदळणारा हवेचा प्रत्येक रेणू तसाच थोडा वेग कमावून परततो. रेणूंचा वेग वाढला म्हणजेच हवा तापली. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने हाच गुण इंजिनात आणला आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्गला त्याचं इंजिन नीट चाललं. (१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात असं एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. तेलाच्या आजच्या भावात ते परवडणार नाही.)

किती तापते ही हवा? ज्यांना गणित नको त्यांनी हा परिच्छेद ओलांडून जावा. सिलिंडरमधली हवा १८ पट दाबली असं धरू. सुरुवातीचं तापमान २७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्व्हिन. उष्णता जराही बाहेर गेली नाही तर १८ चा ०.४ हा घात काढून त्याने ३०० ला गुणायचं. येतात सुमारे ९५० केल्व्हिन, म्हणजे ६८० अंश सेल्सिअस. पण उष्णता बाहेर जातेच. सिलिंडरच्या भिंती गार असतात आणि दट्ट्याच्या, म्हणजे पिस्टनच्या, रिंगांच्या फटीतून थोडी हवाही निसटते. ही गळती घातांक कमी करून मांडता येते. सेल्फने, म्हणजे चावी दिल्यावर इंजिन फिरवणाऱ्या मोटरने, इंजिन झपाट्याने फिरवलं तर घातांक साधारण ०.३५ धरा, उत्तर ५५० अंशांच्या आसपास. तेच इंजिन रखडत फिरलं आणि घातांक ०.२५ वर घसरला, तर उत्तर साडेतीनशेच्याही आत. आकडे ढोबळ आहेत, पण फरक केवढा पडतो ते बघा. मिनिटाला २०० फेऱ्या असतील तर एक दाब ०.१५ सेकंदात उरकतो. ८० फेऱ्यांवर त्याला जवळजवळ ०.४ सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात कमावलेली ऊब लोखंड पिऊन टाकतं.

कुणी म्हणेल, डिझेल तर अडीचशेच्या आतबाहेर आपोआप पेट घेतं, मग साडेतीनशे का पुरत नाहीत? कारण त्याला पेटायला वेळ लागतो. हवा जितकी गार, तितका तो वेळ लांबतो. शिवाय फवारलेलं डिझेल वाफ होताना हवेतली उष्णता खातं. पेट घेईपर्यंत पिस्टन परत खाली निघालेला असतो आणि संधी हुकते.

ज्यांच्या विहिरीवर जुनं ऑइल इंजिन होतं, त्यांच्या हाताला हे गणित आधीपासून ठाऊक आहे. माझे वडील हँडल लावायच्या आधी वरची एक दांडी उचलून ठेवायचे. त्या दांडीने व्हॉल्व्ह उघडा राहतो, दाब तयार होत नाही आणि चाक हलकं फिरतं. चाकाने अंगात वेग घेतला की दांडी खाली पाडायची. धप्... धप्... धडधडधड! लहानपणी मला वाटायचं दांडीत काहीतरी जादू आहे. ती फक्त एवढंच करत होती, की आधी वेग येऊ दे, मग दाब पडू दे. ट्रॅक्टर रात्री उतारावर उभा करणारा शेतकरीही हेच साधतो.

तर डिझेल गाडीला काडी लावते ती बॅटरी, पण ठिणगी पाडून नाही, वेगाने फिरवून.

इथे भाच्याने मला अडवलं. "बॅटरीले काय झालं? लाइट तं लागून राहिला ना!" आतला दिवा खरंच लख्ख लागला होता, पंखासुद्धा फिरत होता. पण अशा बिऱ्हाडाच्या गाडीत बॅटऱ्या दोन असतात. एक घराची, एक इंजिनाची. टपावरचं सोलर पॅनल घराच्या बॅटरीला जोडलेलं होतं. ती सव्वाचार महिने ऊन खाऊन तुकतुकीत झाली होती. इंजिनाची बॅटरी बोनेटखाली उपाशी होती. आणि नुसती उपाशी नाही. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून भाच्याने जीपीएस बसवलं होतं, ते थेट तिच्यावर. असं यंत्र आणि रेडिओचं घड्याळ मिळून ३० मिलीअँपिअर खातात असं धरलं तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास होतात. १३० दिवसांचे ९४. बॅटरी शंभरची. चोर आलाच असता तरी गाडी त्याला सुरू करता आली नसती, तेवढं मात्र साधलं.

मीटर लावला, ११.७ व्होल्ट. भरलेली बॅटरी १२.६ च्या वर दाखवते आणि १२.२ म्हणजे अर्धी संपली. ११.७ ही खर्चाची बाकी नाही, उधारी झाली. त्यातही नुसता व्होल्टेज बघून फसायला होतं. दिव्याला दोनचार अँपिअर पुरतात, सेल्फ एका दमात दोनशेच्या पुढे मागतो. दिवा लागतो म्हणून बॅटरी चांगली म्हणणं, म्हणजे घागर भरते म्हणून विहिरीवर मोटर चालेल म्हणण्यासारखं आहे. बॅटरी अशी रिकामी पडून राहिली की पट्ट्यांवरच्या लेड सल्फेटचे खडे कडक होत जातात आणि नंतर चार्जिंगलाही दाद देत नाहीत. आपल्याकडे दोष थंडीला देतात. बॅटरीचं खरं नुकसान मे महिन्यातल्या ४५ अंशांत होतं, थंडीत फक्त पंचनामा होतो.

शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणला, जंपर केबल जोडली. अधिकला अधिक, आणि उणेची शेवटची पकड बॅटरीवर न लावता इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते, ती तिथे पडायला नको. चावी फिरवली, तरी घर्र... घर्र. भाचा माझ्याकडे बघायला लागला.

मी टर्मिनलवर बोट ठेवलं आणि झटक्यात मागे घेतलं. चांगलंच तापलं होतं. क्लॅम्पखाली पांढरट-हिरवी भुकटी जमली होती. असा सांधा फक्त एक शतांश ओहम अडवतो असं धरा. दोनशे अँपिअरला तिथेच २ व्होल्ट गळतात आणि ४०० वॉट उष्णता क्लॅम्पमध्ये निघते, जवळपास लहान इस्त्रीइतकी. मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरी क्लॅम्पवर धरून सेल्फ मारला तर हा चोर आकड्यात दिसतो. ट्रॅक्टर सोडवला, क्लॅम्प काढला, खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुतला, पत्र्याच्या तुकड्याने खरवडून आवळला आणि केबल पुन्हा जोडली.

या वेळी सेल्फचा सूरच बदलला. सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोट आला, कोंबड्या पळाल्या, आणि इंजिन खोकत खोकत लागलं. हा पांढरा धूर म्हणजे न पेटलेल्या डिझेलची वाफ. तपासताना तो फार कामाचा. सेल्फ रखडतोय तर बॅटरी आणि सांधे बघा. झपाट्याने फिरतोय आणि पांढरा धूर येतोय, तर डिझेल पोचतंय पण ऊब कमी पडतेय. सिलिंडरमधली हवा आधी तापवणारे हीटर प्लग असतील तर ते तपासा. झपाट्याने फिरतोय आणि धूर अजिबात नाही, तर डिझेल पोचतच नाही. मिस्त्री म्हणतो तसं गाडीने एअर घेतली असेल. पंपाने ढकललं तरी हवेचा बुडबुडा स्वतः दबून जोर गिळतो, डिझेल फवारणारं नोजल उघडतच नाही. टाकीपासून पंपापर्यंतची नळी तडकली असेल तर थेंबभरही डिझेल न सांडता हवा आत शिरते, म्हणून खाली डाग शोधत बसू नये. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हाताच्या पंपाने फेस जाईपर्यंत डिझेल काढायचं. फिल्टरमध्ये काळा बुळबुळीत गाळ दिसला तर टाकीत पाणी आहे. पाणी आणि डिझेलच्या सीमेवर बुरशी मजेत राहते.

यूट्यूबवर पाहून भाच्याने झटकन पेट घेणाऱ्या ईथरचा फवाराही आणून ठेवला होता. हीटर प्लग तापलेला असताना तो हवेच्या पाइपात मारला तर स्फोट बाहेरच होऊ शकतो. बाटली मी काढून घेतली.

दुपारी चारला बिऱ्हाड निघालं. मीही बसलो. सावली गावाच्या अलीकडे इंजिन गुदमरल्यासारखं झालं आणि बंद पडलं. सेल्फ झकास फिरत होता, धूर नाही. म्हणजे डिझेल नाही. टाकी तर काठोकाठ भरलेली होती, माझ्याच सांगण्यावरून. रिकाम्या जागेत दव धरू नये म्हणून गाडी उभी करताना टाकी भरावी, हे मीच शिकवलं होतं. भाच्याने झाकण फिरवलं आणि 'सूंऽऽस' करून टाकीने लांब श्वास घेतला.

डिझेल कमी होतं तशी हवा आत यावी म्हणून टाकीला एक श्वासनळी असते. ती बंद असेल तर आत पोकळी वाढत जाते. अर्ध्या टाकीत हे लवकर जाणवलं नसतं. पण भरलेल्या टाकीत वर हवा होती जेमतेम तीन लिटर. तेवढ्या वाटेत दोन लिटर डिझेल जळलं, तीच हवा पाच लिटरांत पसरली आणि तिचा दाब तीन-पंचमांशावर आला. शाळेतला बॉइलचा नियम. त्या ओढीपुढे पंपाचं काही चाललं नाही.

भाचा गाडीखाली शिरला आणि नळीच्या टोकात सायकलचा आरा घालून खेचू लागला. आधी मातीची भुकटी पडली, मग बोटभर गोळा. कुंभारीण माशीने हिवाळ्यात तिथे घर बांधलं होतं. गोळा फोडला तर आत पिलांसाठी भरून ठेवलेले, वाळून कडक झालेले सात कोळी. भाच्याने ते तळहातावर मोजले, मला दाखवले आणि विचारलं, "आता हे अवसेचं का पुनवेचं, मामाजी?"