नळकाम आणि सार्वजनिक आरोग्य

इमारतीत वापरायचे पाणी आणणारे आणि वापरलेले पाणी बाहेर नेणारे नळ, तोट्या, टाक्या व झडपा बसवण्याच्या कामाला नळकाम किंवा प्लंबिंग म्हणतात. ‘प्लंबम’ हे शिशाचे लॅटिन नाव. रोमन लोक नळांसाठी शिसे वापरत, त्यावरून हा शब्द आला. नळकामाचे नियम पुष्कळ आहेत, पण त्यांतले बहुतेक एकाच धाकातून जन्मले आहेत: येणाऱ्या पाण्याची आणि जाणाऱ्या पाण्याची गाठ पडता कामा नये.

शिकागोत १९३३ साली ती पडली. जागतिक प्रदर्शनासाठी आलेले पाहुणे ज्या दोन हॉटेलांत उतरले होते, तिथल्या जुन्या, सदोष नळजोडणीमुळे पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि अमीबाजन्य आमांशाची साथ पसरली. हा रोग अंगावर दिसायला दिवस लागतात. तोवर पाहुणे आपापल्या गावी परतले होते, म्हणून साथीचे मूळ शोधायला वेळ गेला. सुमारे १,४०० जणांना लागण झाली, ९८ जण दगावले.

नळातले पाणी नेहमी पुढेच वाहते, असे आपण धरून चालतो. मुख्य वाहिनी फुटली किंवा आग विझवण्यासाठी एकदम भरपूर पाणी उपसले गेले, की नळातला दाब उतरतो आणि पाणी उलटे ओढले जाते. अशा वेळी तोटीला लावलेली रबरी नळी साबणाच्या वा कीटकनाशकाच्या बादलीत बुडलेली असेल, तर बादलीतले पाणी थेट पिण्याच्या नळात शिरते. यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे मोकळी जागा. तोटीचे तोंड भांड्याच्या काठापासून तोटीच्या व्यासाच्या निदान दुप्पट उंच ठेवायचे. एकदिशा झडप अडकू शकते, झिजू शकते. मोकळी हवा झिजत नाही.

जाणाऱ्या पाण्याकडे हेच काम ट्रॅप करतो. बेसिनखालच्या किंवा न्हाणीतल्या नळाच्या वाकात थोडे पाणी कायम साठून राहते आणि गटारातली हवा, जंतू व किडे घरात येऊ देत नाही. शौचकूपासाठी असा वाक अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये पेटंट केला. साधारण ५० मिलिमीटर उंचीचा हा पाण्याचा पडदा नाजूक असतो. वरच्या मजल्यावरून उभ्या नळातून पाण्याचा लोंढा उतरला, की मागे निर्माण होणारी पोकळी तो ओढून नेते. म्हणून छताच्या वर उघडणारा हवेचा नळ लागतो. पैसे वाचवायला तो गाळला, तर इमारत दिसायला पूर्ण पण आरोग्याच्या दृष्टीने उघडीच राहते.

न वापरलेल्या न्हाणीत हे पाणी वाळूनही जाते. हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत २००३ साली सार्स या विषाणूजन्य श्वसनरोगाची लागण ३०० हून अधिक रहिवाशांना झाली. तिथे न्हाणीघरे पाणी ओतून धुण्याऐवजी पुसली जात, त्यामुळे जमिनीतले ट्रॅप कोरडे पडले होते. हवा बाहेर फेकणारा पंखा लावला, की सांडपाण्याच्या नळातले विषाणूयुक्त तुषार आत ओढले जात, असे तपासात मानले गेले. अधूनमधून ओतलेले तांब्याभर पाणी तो पडदा टिकवू शकले असते.

नळ स्वतःही पाणी बिघडवतो. अमेरिकेतील फ्लिंट शहराने २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला, पण नव्या पाण्यात गंजरोधक रसायन घातले नाही. जुन्या नळांमधले शिसे पाण्यात उतरले. शिसे मुलांच्या मेंदूला इजा करते आणि त्याची निर्धोक अशी मात्रा ठाऊक नाही. कोमट, साचलेल्या पाण्यात लेजिओनेला जीवाणू वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया करतो. म्हणून गरम पाणी ६० अंश सेल्सिअसला साठवतात व तोटीपाशी भाजू नये एवढे निववतात. नळाच्या वापरात नसलेल्या, टोक बंद केलेल्या फांद्याही काढून टाकतात.

पर्यावरणाचे नुकसान बहुधा नजरेआड होते. जमिनीखालच्या मैलापाण्याच्या नळाचा सांधा सुटला, तर घाण भूजलात झिरपते. गच्चीवरचे पावसाचे पाणी मैलावाहिनीला जोडले, तर मोठ्या पावसात शुद्धीकरण केंद्राची क्षमता संपते आणि कच्चा मैला नदीत जातो. जुन्या संडासाची टाकी एका वेळी १३ लिटर वा त्याहून अधिक पाणी सोडे, आता ६ लिटरांत काम भागते. पण टाकीची झडप गळत असेल तर ही बचत आवाज न करता वाहून जाते. टाकीत खाण्याच्या रंगाचे थोडे थेंब घालून अर्धा तास फ्लश न करता थांबावे. भांड्यात रंग उतरला, तर झडप बदलायला झाली आहे.